नीलिमाच्या पेल्यातलं पाणी

१

फाइल नाहीशी झाली बुधवारी सकाळी, आणि घरातल्या पाचांपैकी दोघांनी सरळ मेलेल्या बाईचं नाव घेतलं.

स्नेहलता राजवाडेला हे कळलं गुरुवारी नऊ वाजता, न्यू लिन उपनगरातल्या तिच्या औषधांच्या दुकानाचं शटर ती वर करते न करते तोच. फोनवर सानिका तारळेकर होती, आणि आवाजावरून रडून झालेली होती.

"ताई, तुम्ही या. पोलिसांना बोलवलं तर युडेल्काचं नाव उगाच कुठेतरी लागेल."

"अगं बाई, मी फार्मसिस्ट आहे. गोळ्या मोजते मी, चोर नाही."

"तुम्ही जेपी आहात. कागद तुम्हाला कळतात."

हे मात्र खरं होतं. गेली अकरा वर्षं स्नेहलता दर शनिवारी लायब्ररीत टेबल मांडून बसायची, जस्टिस ऑफ द पीस म्हणून. फुकट काम. लोकांच्या कागदांवर सही-शिक्का करायचा, शपथपत्रं घ्यायची. समोरचा माणूस कागद कसा धरतो यावरून त्याच्या पोटात काय चाललंय ते तिला कळायचं. नवरा गेल्यापासून तिला दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायची सवयही लागली होती, आणि ते ती कबूल करायची.

फाइल युडेल्का पेगेरोची. युडेल्का ही सानिकाच्या सासऱ्यांना, काशिनाथकाकांना, सांभाळणारी केअरगिव्हर, त्यांच्याच घरात मागच्या खोलीत राहणारी. गाव बानी, देश डॉमिनिकन रिपब्लिक. इथे येऊन पाच वर्षं झाली तरी लोक तिला विचारायचे, "मेक्सिको का?" फाइलमध्ये तिच्या देशाच्या पोलिसांचा दाखला होता, मूळ प्रत, निळ्या शिक्क्याची. भाषांतरकाराने तो मंगळवारी संध्याकाळी परत दिला होता. बुधवारी स्कॅन करायचा, रेसिडन्सच्या अर्जाला जोडायचा, की संपलं.

आणि अर्ज शुक्रवारी पाचच्या आत जायलाच हवा होता. सोमवारपासून नियम बदलणार होते. केअरगिव्हरना कायमचं राहू द्यायचं की नाही यावर सहा महिने नुसती जुंपली होती, रेडिओवर, संसदेच्या समितीपुढे, मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर. शुक्रवारपर्यंत ज्यांचा अर्ज आत गेला ते तरले. बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. युडेल्काची चौदा वर्षांची मुलगी यानेरी तिकडे बानीत मावशीकडे होती. आईने तिला शेवटचं जवळ घेतलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती.

स्नेहलताने काशिनाथकाकांच्या आठवड्याच्या गोळ्यांचं पाकीट गाडीत टाकलं. जायला काहीतरी निमित्त हवं ना. मग ती शेजारच्या उपनगराच्या, हेन्डरसनच्या रस्त्याला लागली.

२

काशिनाथकाका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, गुडघ्यावर शाल. वय एक्याऐंशी. स्मरण येऊन-जाऊन.

"आलीस? बरं झालं. ती येऊन गेली गं, मंगळवारी."

"कोण, काका?"

"कोण काय! नीलिमा."

भिंतीलगत छोटं टेबल होतं. त्यावर नीलिमाकाकूंचा फोटो, चांदीचा कुंकवाचा करंडा आणि पाण्याचा पेला. स्नेहलताला ती गोष्ट ठाऊक होती, मंडळात सगळ्यांनाच होती. आई-वडिलांना इथे आणायचा अर्ज सानिकाच्या नवऱ्याने, धैर्यशीलने, फार वर्षांपूर्वी केला होता. मग ती कॅटेगरीच बंद पडली, मग सुरू झाली, मग चिठ्ठ्या टाकून नंबर लागायला लागले. नीलिमाकाकू सांगलीत बॅग भरून बसल्या होत्या. एके सकाळी चहा गाळता गाळता गेल्या. आणि अकरा आठवड्यांनी पत्र आलं, व्हिसा मंजूर, दोघांचाही. काका एकटे आले. येताना तिची बॅग तशीच्या तशी घेऊन आले.

"ती आली हे कशावरून?" स्नेहलताने विचारलं.

काकांनी तीन बोटं वर केली. आज डोकं जागेवर होतं. "एक, पाणी प्यायली. पेला काठोकाठ असतो, सकाळी अर्धा. दोन, वास आला. साड्यांचा तिच्या, डांबरगोळ्यांचा. मी झोपेत होतो, पण वास कुणाचा ते मला कळत नाही होय? आणि तीन, ते बघ."

दाराच्या चौकटीवर, स्नेहलताच्या कपाळाच्या उंचीला, लाल बोटाचा फराटा होता. कुंकू. ओल्या बोटाचं, वाळून घट्ट बसलेलं.

स्नेहलताच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिला आपली आई आठवली, पुण्यातली, जिच्या शेवटच्या दिवसांत तिकीट काढूनही ती वेळेवर पोचली नव्हती. गेलेली माणसं खरंच अशी भेटायला निघत असतील का, उशिरा का होईना? तिने मान झटकली. गोळ्या मोजणाऱ्या बाईने असले विचार करू नयेत.

ती टेबलापाशी वाकली. पेल्याखाली पेपर नॅपकिन होता. कालपरवापर्यंत तिथे नीलिमाकाकूंनी विणलेला पांढरा क्रोशाचा रुमाल असायचा, दर आठवड्याला ती बघत होती. खालचा खण तिने उघडला. फाइल याच खणात होती म्हणे. खण रिकामा होता, आणि कोरडा.

"काका, रुमाल कुठे गेला इथला?"

"तोही तिनेच नेला असेल," काका म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

३

युडेल्का स्वयंपाकघरात काकांसाठी मऊ भात कालवत होती. ठेंगणी, भरल्या अंगाची, केस घट्ट बांधलेले. बोलायची इंग्रजीत, मधे चारदोन शब्द मराठी, आणि बाईमाणसाला हाक मात्र स्पॅनिशमधली, दोन्या नाहीतर सेन्योरा.

"माझ्यामुळेच झालं, दोन्या स्नेहा. पाणी मीच ठेवायला लागले."

"तू?"

"गेल्या ऑगस्टमध्ये माझी आई गेली. मी जाऊ शकले नाही, व्हिसाचं काम मधे अडकलं असतं. आमच्यात नऊ दिवस प्रार्थना करतात आणि गेलेल्यासाठी पाण्याचा पेला ठेवतात. लांबून येतात ना, तहान लागते त्यांना. मी फोन उभा करून बसायचे, तिकडचे सगळे फोनमध्ये. इथले बाबा, तुमचे काका, रोज माझ्या शेजारी येऊन बसले. त्यांना एक शब्द कळत नव्हता. नवव्या दिवशी त्यांनी सेन्योराचा फोटो आणून ठेवला. म्हणाले, हिलापण पाणी दे." तिने पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले. "आता सेन्योराला वाटतं, माझा कागद झाला की मी बाबांना सोडून जाईन. म्हणून तिने नेला."

"आणि जाणार आहेस का?"

युडेल्काने तिच्याकडे नीट बघितलं. "मी कुठे जाणार? माझी मावशी न्यूयॉर्कला, एक बहीण माद्रिदला. दोघींच्या टीव्हीवर एकच भांडण, ही माणसं फार झाली. इथे आम्ही डॉमिनिकन रविवारी बागेत जमतो ते सात जण. डॉमिनोज खेळायला दुसरं टेबलसुद्धा भरत नाही. तरी आमच्यावर भांडण आहेच."

"धैर्यशीलही भांडतो की. समितीपुढे बोलला, मी ऐकलंय."

"मीपण ऐकलं." युडेल्काचा आवाज कडक झाला. "म्हणाला, कायमचं राहणं फक्त शिकलेल्यांना द्या. संध्याकाळी घरी आला आणि मला विचारलं, बाबा जेवले का."

नवा दाखला मिळायला किती दिवस, या प्रश्नावर ती म्हणाली की दहा कामाचे दिवस, शिवाय पोस्ट. म्हणजे खेळ खलास. यानेरीला अजून सांगितलेलं नव्हतं. तिचा फोन रोज सकाळी सातला येतो. तिकडे तेव्हा आदल्या दिवशीचे दुपारचे तीन, शाळा नुकती सुटलेली असते.

"आज आला होता?"

"आला. मी हसून बोलले," युडेल्का म्हणाली, आणि मग तिला भात कालवता येईना.

४

सानिका रेडिओग्राफर, आज सुट्टी काढून घरी. लाउंजमध्ये गरम हवा सोडणाऱ्या हीट पंपसमोर कपडे वाळत होते. त्यांत, दोन पांढऱ्या चादरींच्या मधे, क्रोशाचा तो रुमाल होता. गुलाबी.

"हे काय गं? रंग लागला?"

"चिरागचा लाल टी-शर्ट गेला मशीनमध्ये," सानिका पटकन म्हणाली.

स्नेहलताने चादरीकडे बघितलं. दुधासारखी पांढरी. टी-शर्टने रुमाल तेवढा रंगवला आणि चादरी सोडल्या, फारच समजूतदार टी-शर्ट म्हणायचा. सानिकाने स्वतःहून बोलावलं होतं आणि आता तीच नजर चुकवत होती. म्हणजे बोलावल्यानंतर तिला काहीतरी सापडलं होतं.

चिराग हा घरातला भाडेकरू, हॉस्पिटलात नर्स, तिशी उलटलेला. नाइट करून आला होता आणि उभ्याउभ्या टोस्ट खात होता.

"कमॉन, ताई. मी कशाला घेऊ? हां, चिडलोय मी, लपवत नाही. चार वर्षं डिग्री, दोन वर्षं रजिस्ट्रेशन, माझी फाइल अजून रांगेत. हिची आधी जाते म्हटल्यावर बरं वाटलं नाही. पण कागद चोरणारा मी नाही."

"नाहीस," स्नेहलता म्हणाली. "काही ऐकलंस, बघितलंस?"

त्याने टोस्ट खाली ठेवला. "हसू नका हं. काल आणि आज, दोन्ही दिवस, ड्यूटीवरून आलो, पावणेसातला. गॅरेजमधून आवाज येत होता. पुरुषाचा, हळू, रडवेला. कुणाची तरी विनवणी करत होता. 'सेन्योरा, प्लीज, सेन्योरा.' युडेल्का काकूंच्या फोटोला तेच म्हणते ना? माझी तर तंतरली. सरळ पुढच्या दाराने आलो."

"काका असतील?"

"गॅरेजला दोन पायऱ्या आहेत. युडेल्काच्या आधाराशिवाय काका उतरत नाहीत."

गॅरेजात नीलिमाकाकूंची बॅग होती. काकू दर दिवाळीला ती उघडायच्या, डांबरगोळ्या बदलायच्या आणि पुन्हा बंद करायच्या, हे काकाच सांगायचे. इथे आल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. गॅरेजचं आतलं दार काकांच्या खोलीला लागूनच होतं.

निघताना स्नेहलता पॅसेजमध्ये कोट घ्यायला थांबली. शेजारच्या खुंटीवर धैर्यशीलची राखाडी फ्लीस, उबदार जर्सी, होती. तिने आजूबाजूला बघितलं आणि निर्लज्जपणे तिला नाक लावलं.

डांबरगोळ्या.

"सानिका," ती वळून म्हणाली, "संध्याकाळी मी येतेय. सगळ्यांना घरी थांबव. आणि तो रुमाल इस्त्री करून जागेवर ठेव. लपवून काय होणार आहे?"

सानिकाने तोंडावर हात घेतला.

५

जून महिना, म्हणजे दक्षिणेकडच्या या देशात ऐन हिवाळा, साडेपाचला अंधार पडलेला. धैर्यशील ऑफिसमधून आला तेव्हा सगळे काकांच्या खोलीत बसलेले. सहा फुटी माणूस, दाराशी वाकून आत यायची सवय असलेला. दोन दिवसांत झोपलेला दिसत नव्हता.

"काय, ताई? मीच चोर ना?" तो हसायला गेला. "रेडिओवर बोलणारा मी. सोपं आहे."

"सोपं आहे म्हणूनच मी सकाळपासून घोळतेय. बस खाली." स्नेहलताने टेबलाकडे बोट केलं. "मला आधी सांगा, भूत पाणी पितं तेव्हा पेल्याखालचा रुमाल भिजतो का? इथे पाणी कुणी प्यायलं नाही. सांडलं. रुमालावर सांडलं, आणि रुमाल गुलाबी झाला, म्हणजे पाण्यात कुंकू होतं. ते कुठून आलं? कुणीतरी करंडा उघडला होता. चौकटीवरचं बोट माझ्या कपाळाइतकं वर आहे. काका एवढा हात उचलू शकत नाहीत, युडेल्काला टाचा उंचवाव्या लागतील. वास डांबरगोळ्यांचा, म्हणजे बॅग उघडली गेली. तो वास कुणाच्या फ्लीसला आहे ते मी सांगत नाही, खुंटीवर आहे, ज्याने त्याने हुंगावी."

चिरागने पॅसेजकडे मान वळवली, पण स्नेहलता थांबली नाही.

"इथवर आले आणि मलाही वाटलं, हाच. पण चिरागचा तो आवाज माझ्या डोक्यातून जाईना. सेन्योरा, प्लीज. अहो, मराठी मुलगा आईच्या भुताशी बोलला तर आईच म्हणेल! सेन्योरा कशाला म्हणेल? म्हणजे तो भुताशी बोलत नव्हता. जिवंत, स्पॅनिश बोलणाऱ्या बाईशी बोलत होता. पावणेसातला इथे सगळे झोपेत, पण युडेल्काच्या देशात दुपारचे पावणेतीन. सरकारी कचेऱ्या उघड्या असतात. बरं, वाईटावर असलेल्या माणसाने कागद पळवला तर तो नव्या कागदासाठी तिथे फोन कशाला करील? फाइल घेतली कशासाठी, ते मला कळलंय, धैर्यशील. पण तुझ्या तोंडून ऐकू दे."

धैर्यशील उठला. गॅरेजचं दार वाजलं, मग बॅगेची चेन. तो परत आला तेव्हा खोलीभर तो वास पसरला, आणि काका खुर्चीत ताठ झाले.

दाखल्याचा वरचा कोपरा लाल होता. कुंकवाचं ओलं लाल निळ्या शिक्क्यात उतरलं होतं. मजकूर वाचता येत होता, पण कुणीही म्हटलं असतं, यात खाडाखोड आहे.

"आम्ही अर्ज पाठवला त्या दिवशी आईचा फोन आला होता," तो म्हणाला. कुणाकडे बघत नव्हता. "म्हणाली, फाइल देवापुढे ठेव, कुंकवाचं बोट लाव, मग पाठव. मी हसलो तिला. म्हटलं, आई, तो फॉर्म आहे, लग्नाची पत्रिका नाही. नाही लावलं. सात वर्षं ती थांबली, ताई. मी सगळ्यांवर चिडलो. सरकारवर, पुढे घुसणाऱ्यांवर, हिच्यासारख्यांवर. ह्यांच्यामुळे माझ्या आईची जागा गेली असं वाटायचं मला. तेच बोलत सुटलो सगळीकडे. आणि मंगळवारी हिला खणात फाइल ठेवताना बघितलं. आईच्या फोटोपुढे. मला राहवेना. निदान हिच्या फाइलला तरी... बोट लावताना पेल्याला धक्का लागला. पेला कलंडला."

"मग सांगायचंस!" सानिका ओरडली.

"कोण विश्वास ठेवणार होतं? तू ठेवलास? मी भिजवलेला रुमाल टबात बघून तू मला एक शब्द विचारला नाहीस." तो खाली बसला. "त्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, नवा दाखला दहा दिवस. हा खरा आहे एवढी ईमेल मात्र पाठवली त्यांनी, आज सकाळी."

युडेल्का जागेवरून उठली. तिने कागद घेतला, दिव्याखाली धरला, लाल डागावर अंगठा ठेवला. "पाच वर्षं," ती म्हणाली. "दोन दिवस मी एका मेलेल्या बाईची माफी मागतेय. माझ्या मुलीशी खोटं हसतेय. तू रोज माझ्या हातचा चहा प्यायलास आणि गप्प बसलास." मग तिने डागावरचा अंगठा उचलला. "हे लाल कशासाठी लावतात?"

"काम व्हावं म्हणून," धैर्यशील म्हणाला आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडला.

६

शुक्रवारी दुपारी चार वाजता स्नेहलता शिक्का घेऊन हजर झाली. तिचं म्हणणं सरळ होतं. डाग लपवायचा नाही. डाग कसा पडला ते शपथेवर लिहून द्यायचं, आणि ती ईमेल सोबत जोडायची. ते मानायचं की नाही हे अर्ज बघणाऱ्याच्या हातात. पण खोटा डाग आणि खरा डाग यांत फरक करायला कुणीतरी तोंड उघडावं लागतं.

"माझं नाव बघतील ते," धैर्यशील म्हणाला. "समितीपुढचं बोलणं नेटवर आहे. बाहेर फुटलं तर मंडळात हसतील."

"हसू देत," युडेल्का मराठीत म्हणाली.

त्याने लिहिलं. स्नेहलताने नियमाप्रमाणे त्याला मोठ्याने वाचायला लावलं, उभं राहून. लाल पदार्थ कुंकू आहे. पाणी माझ्या दिवंगत आईसाठी ठेवलेलं होतं. अर्जदाराचा यात काही दोष नाही. अर्जदाराने माझ्या आईला रोज पाणी दिलं आहे. मी दिलेलं नाही. शेवटचं वाक्य शपथपत्रात लागत नव्हतं. स्नेहलताने ते खोडायला सांगितलं नाही. तिने सही केली, शिक्का मारला, आणि शिक्क्याची शाई वाळेपर्यंत कागद कुणाला धरू दिला नाही.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी अर्ज गेला. लॅपटॉपवर हिरवी खूण आली. सानिकाने युडेल्काला मिठी मारली, चिराग इथल्या बोलीत "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणाला आणि नाक पुसत ड्यूटीला गेला.

काका खिडकीपाशी होते. बाहेर अंधारायला लागलं होतं. बॅग अजून खोलीतच होती, अर्धी उघडी, वरच्या साडीची हिरवी घडी दिसत होती.

"गेली का रे फाइल?" त्यांनी विचारलं.

"गेली, बाबा."

"या वेळी कुंकू लावलंस ना?"

धैर्यशीलने स्नेहलताकडे बघितलं. तिने मान खाली घातली. काय सांगायचं ते तिच्या शिक्क्यात बसणारं नव्हतं.

"लावलं, बाबा," तो म्हणाला.

"मग येईल ती," काका म्हणाले, आणि शाल नीट करून बसले.

युडेल्काने फोटोपुढचा पेला उचलला. नळावर नेऊन काठोकाठ भरून आणला आणि गुलाबी रुमालावर ठेवला.